भाकरीचे पीठ मोजा, मग युनिट ठरवा

‘जेवणाआधी रोज दहाच युनिट घेतो, तरी साखर कधी 80 तर कधी 260 कशी येते?’ तपासणीला येणारे अनेक जण हे विचारतात. इन्सुलिन रोज सारखे असले, तरी ताट रोज सारखे नसते. दोन भाकऱ्या खाल्ल्या त्या दिवशीही दहा आणि अर्धीच खाल्ली तेव्हाही दहा, असे चालत नाही.

आधी एक खुलासा. ताटानुसार युनिट ठरवण्याचा हा हिशेब दिवसातून एकदा किंवा दोनदा दीर्घकाळ टिकणारे आणि प्रत्येक जेवणाआधी वेगळे, लवकर काम करणारे इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी आहे. 30/70 मिश्रण घेणाऱ्यांनी तो मुळीच वापरू नये. त्यात हळू चालणारा भागही प्रत्येक युनिटबरोबर वाढतो.

जेवणानंतरची साखर मुख्यतः कर्बोदकांनी वाढते. म्हणून घरातला वजनकाटा एकदा परातीजवळ आणा आणि एका भाकरीला किती पीठ लागते ते मोजा. 60 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत साधारण 40 ग्रॅम कर्बोदके असतात. कुणाच्या घरची भाकरी याच्या दीडपट असते, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उपयोगाचा नाही. सोबत लहान वाटी पिठले आणि चार घास भात घेतला, तर प्रत्येकी अंदाजे 10 धरा. एकूण 60 ग्रॅम झाले.

आता तुमचे स्वतःचे दोन आकडे हवेत. दिवसभराचे सगळे इन्सुलिन मिळून 40 युनिट असेल, तर 500 भागिले 40, म्हणजे एका युनिटला साधारण 12 ग्रॅम कर्बोदके. 1800 भागिले 40 म्हणजे 45; एक युनिट साखर सुमारे 45 ने उतरवते. हे सुरुवातीचे अंदाज आहेत. तुमचे आकडे तुमच्या डॉक्टरांनीच नक्की करायचे.

जेवणाआधी साखर 210 आहे आणि लक्ष्य 120 आहे, असे समजा. जेवणासाठी 60 भागिले 12, म्हणजे 5 युनिट. वरच्या 90 साठी 2. एकूण 7. मात्र गेल्या तीन-चार तासांत लवकर काम करणारे इन्सुलिन घेतले असेल, तर ते अजून अंगात काम करत असते. ते वजा न करता पुन्हा टोचले की मध्यरात्री साखर कोसळते. साखर 70 पेक्षा कमी असेल, तर इंजेक्शन बाजूला ठेवा. आधी 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा.

आपल्या शहराची नान-खलिया या सूत्रात सहज बसत नाही. तेलकट रश्श्यामुळे साखर उशिरा, तीन-चार तासांनी चढते. दोन तासांनी आकडा चांगला दिसला म्हणून निश्चिंत राहू नका. झोपण्याआधी पुन्हा तपासा.

आषाढीला वाळूजच्या पंढरपूरला पायी जाणाऱ्यांनी तर विशेष जपावे. उपवास म्हणून इन्सुलिन सोडायचे आणि साबुदाण्याची खिचडी खायची, हे घातक आहे. 50 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 40 ग्रॅमहून जास्त कर्बोदके असतात, शिवाय त्यात बटाटा. उलट मैलोन्‌मैल चालायचे असेल, तर डोस कमी लागतो. किती कमी, ते आधी विचारून घ्या. टाइप 1 मधुमेहात दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन उपवासातही बंद करायचे नाही.

हिशेब बरोबर आला आणि सिरिंज चुकीची निघाली, तर सगळे वाया जाते. आपल्याकडे बाटल्या 40 आणि 100 अशा दोन ताकदीच्या मिळतात. लाल टोपीची सिरिंज 40 साठी, केशरी टोपीची 100 साठी. 100 ताकदीचे औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत भरले, तर शरीरात 25 युनिट जातात. दुकानातच बाटलीवरचा आकडा वाचा.

ज्यांच्या घरी टाइप 1 चे मूल आहे, त्यांनी हे एकट्याने शिकू नये. आपल्याच शहरात डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ ही संस्था अशा मुलांसाठी काम करते.

पुढच्या तपासणीला येताना किमान तीन दिवसांची वही आणा: जेवणाआधीची साखर, ताटात काय होते, किती युनिट घेतले आणि दोन तासांनंतरची साखर. त्या वहीशिवाय डोस बदलून देण्याचा आग्रह कृपया कोणत्याही डॉक्टरांकडे धरू नका.