हाक आणि ओळख

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर यांच्या सहकार्यातून 'सिम्प्युटर' हा हातात मावणारा संगणक निर्माण झाला. २००४ मध्ये त्याचे 'अमिडा' हे रूप बाजारात आले. गावातील अनेकांनी मिळून वापरावे अशा कल्पनेचे हे यंत्र फारसे खपले नाही, ही गोष्ट वेगळी. ते लिनक्स प्रणालीवर चालत असे. अशा छोट्या यंत्रांत जागा तोकडी असते. प्रत्येक किरकोळ कामासाठी स्वतंत्र प्रोग्राम ठेवणे परवडत नाही.

यावर एक युक्ती आहे. ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ च्या सुमारास 'बिझीबॉक्स' हा प्रोग्राम लिहिला. फाइलींची यादी दाखवणारा 'एलएस' आणि फाइलीची प्रत काढणारा 'सीपी' ही त्या एकाच प्रोग्रामची नावे असतात. एकाच स्त्रीला घरी कोणी 'आई' म्हणते, कोणी 'वहिनी', तर शाळेत मुले 'बाई' म्हणतात. हाकेवरूनच तिला पुढचे काम कळते. बिझीबॉक्सचेही तसेच आहे.

ही हाक त्याला कळते कशी? प्रोग्राम सुरू होताना त्याच्या हाती शब्दांची एक यादी येते. सी भाषेत तिला 'आर्गव्ही' म्हणतात. तिची मोजणी शून्यापासून होते आणि शून्याच्या जागी प्रोग्रामचे नाव असते.

मेख अशी, की हे नाव बोलावणारा सांगतो. तो खोटे नाव सांगू शकतो. पूर्वी तर तो यादी रिकामीही ठेवू शकत असे. ठरावीक वापरकर्त्यांना प्रशासकाचे अधिकार देणाऱ्या 'पीकेएक्सेक' या प्रोग्रामने रिकाम्या यादीचा विचारच केला नव्हता. अशी यादी आली, की तो तिच्या पलीकडची स्मृती वाचू लागे. २००९ पासूनचा हा दोष क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केला. साधे खाते असलेला माणूसही त्यातून संगणकाचा पूर्ण ताबा मिळवू शकत होता! त्याच वर्षी लिनक्सच्या ५.१८ या आवृत्तीत रिकाम्या यादीत निदान एक कोरे नाव घालण्याची सोय झाली.

खोट्या नावाची वाट मात्र खुलीच आहे. आपली मूळ फाइल कोणती, हे जाणायचे असल्यास प्रोग्रामने प्रणालीलाच विचारावे. लिनक्समध्ये 'प्रोक' या विभागातील 'सेल्फ' मधला 'एक्झे' हा दुवा त्याचे उत्तर देतो. तेथे बिझीबॉक्सला 'एलएस' म्हणून बोलावले काय किंवा 'सीपी' म्हणून काय, उत्तर एकच येते: बिझीबॉक्स. काम कोणते करायचे, हे त्या उत्तरातून कळत नाही. त्यासाठी त्याला हाकच ऐकावी लागते.