आहार्य आणि नाट्यसंहितेचे अध्यापन

भरताने आंगिक, वाचिक, सात्त्विक या अभिनयप्रकारांबरोबर आहार्यही सांगितला. त्याचे पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव हे चारही विभाग 'नेपथ्य' या एकाच संज्ञेत येतात. मराठीत मात्र 'नेपथ्य' म्हणजे रंगमंचावरील स्थळरचना एवढाच अर्थ रूढ झाला व वेशभूषा त्यातून वगळली गेली. साहित्याच्या वर्गात तर या दोहोंनाही क्वचितच स्थान मिळते. कथानक, पात्रे व संवाद यांवरच विवेचन संपते.

महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' (१९८५) पाहावे. वाड्यासमोर गंजत पडलेला ट्रॅक्टर हे पुस्त, तर वहिनीच्या अंगावर चढणारे पिढीजात दागिने हा अलंकार. पहिल्यातून देशपांडे घराण्याची खुंटलेली गती कळते, दुसऱ्यातून सरल्या वैभवाचा मोह. रंजू दागिन्यांसह निघून जाते, तेव्हा तो मोहही निराधार होतो. हा अर्थ केवळ संवादांतून पुरता हाती येत नाही.

आहार्याचे शिक्षण नाट्यविभागांपुरतेच राहू नये. ठाण्याचे गडकरी रंगायतन (१९७८), कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर व डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर येथील विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आहेत. त्यांनी रंगसूचनांवरून एका प्रवेशाचा मंचआराखडा व पात्रनिहाय वेशसूची करावी, मग ती प्रयोगाशी ताडावी. दोहोंत जे अंतर दिसेल, तेथूनच नाटकाचा खरा अभ्यास सुरू होतो.