शाळेचा कायदा व खानदेशातील मूल

शिक्षणाची सुधारणा कायद्यात झाली, एवढ्याने ती गावातील मुलापर्यंत पोहोचली असे समजावे काय? ह्या पाठात आम्ही ह्याच प्रश्नाचा विचार करू.

सन २००९ चा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क दिला. पुढे २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने असे ठरविले की, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलास समजून वाचता यावे, व शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे. परंतु वाटेत तीन अडचणी आहेत.

१. भाषा. जळगाव व धुळे जिल्ह्यांत पुष्कळ घरी अहिराणी बोलतात. सातपुड्याच्या बाजूस, चोपडे व शिरपूर तालुक्यांत, पावरी व भिल्ली. पुस्तके मात्र प्रमाण मराठीत. म्हणून वर्गात गप्प बसणारे मूल मंद असतेच असे नाही. पुष्कळदा त्यास प्रश्नच कळलेला नसतो. आधी त्याच्या बोलीत वस्तूचे नाव विचारावे, मग मराठी शब्द द्यावा. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी ह्यांस लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी लिहून घेतली म्हणून ती टिकली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव मिळाले. ज्या बोलीचा विद्यापीठात मान होतो, तिची पहिलीच्या वर्गात थट्टा होऊ नये.

२. स्थलांतर. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे ऊसतोडीस गुजरातेत जातात, व मुलांची शाळा सुटते. कायद्याप्रमाणे वर्षाच्या मध्यावरही प्रवेश नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही किंवा जुन्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला, ही कारणेही चालत नाहीत. शाळा सुटलेल्या मुलास वयाप्रमाणे वर्गात बसवून विशेष शिकवणी द्यावी, असाही नियम आहे.

३. देखरेख. सरकारी व अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत निदान तीन चतुर्थांश पालक असावेत, व एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. पण पुष्कळ आईबाप सभेला जात नाहीत, किंवा न वाचता सही करून परततात. ज्यास वाचता येते त्याने इतिवृत्त इतरांस वाचून दाखवावे. एवढ्या साध्या सेवेनेही कायद्यास पाय फुटतात.

विचारासाठी प्रश्न:
(१) आपल्या गावातील किती मुले दिवाळीनंतर शाळेत दिसत नाहीत?
(२) समितीची मागील सभा केव्हा झाली? तीत कोणत्या आईने तोंड उघडले?
(३) तिसरीतील प्रत्येक मुलास एक पान समजून वाचता येते काय? येत नसेल, तर ह्या आठवड्यात त्याच्याजवळ कोण बसेल?