लिंडिसफार्नचा शुभवर्तमानग्रंथ

वाचनासाठी: नहेम्या, अध्याय 8, वचने 1 ते 8

नहेम्याच्या आठव्या अध्यायात आपण वाचतो की, एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहिला, त्याने सर्व लोकांसमोर नियमशास्त्राचे पुस्तक उघडले, आणि लोक उठून उभे राहिले. परंतु तेवढ्याने काम संपले नाही. लेवी लोकांमध्ये फिरले व वाचलेल्याचा अर्थ त्यांनी त्यांस समजावून दिला. पुस्तकाचा मान राखणे हे एक काम आणि पुस्तकाचा अर्थ पोहोचविणे हे दुसरे काम. ही दोन्ही कामे मंडळीला करावयाची आहेत, आणि एकावाचून दुसरे अपुरे आहे. ही गोष्ट एका जुन्या हस्तलिखित ग्रंथाच्या इतिहासात इतकी स्पष्ट दिसते की, तो इतिहास वाचकांस सांगावा असे आम्हांस वाटते.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ लिंडिसफार्न नावाचे एक लहान बेट आहे. भरतीच्या वेळी दिवसातून दोनदा समुद्र त्याची वाट बुजवितो आणि ओहोटी लागली म्हणजे मनुष्य चालत पलीकडे जाऊ शकतो. त्या प्रांताला नॉर्थंब्रिया म्हणत. इसवी सन 635 च्या सुमारास तेथील राजा ओस्वाल्ड याने स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरील मठातून एडन नावाच्या सेवकास बोलावून घेतले व त्यास मठासाठी लिंडिसफार्न बेट दिले. एडनाची भाषा आयरिश, आणि इंग्रजी त्यास नीट येत नव्हती. तेव्हा राजा, ज्याने आपल्या विजनवासात आयरिश शिकून घेतली होती, तो स्वतः त्याच्या शेजारी उभा राहून आपल्या सरदारांस त्याच्या उपदेशाचा अर्थ सांगत असे. बीड नावाच्या इतिहासकाराने ही हकीकत लिहून ठेवली आहे. ज्या मंडळीचा आरंभच दुभाष्याने झाला, त्या मंडळीत पुढे काय घडले ते पाहू.

या मठाचा बिशप कथबर्ट 687 साली मरण पावला. त्याच्या साध्या व कष्टाळू जीवनामुळे लोकांचा त्याजवर फार जीव होता. 698 साली त्याची शवपेटी भूमीतून काढून वेदीजवळ सन्मानाने ठेवण्यात आली, आणि त्याच साली एडफ्रिथ हा तेथील बिशप झाला. याच एडफ्रिथाने देवाप्रीत्यर्थ व कथबर्टच्या स्मरणार्थ चारही शुभवर्तमाने एका ग्रंथात लिहिली, असे त्या ग्रंथाच्या शेवटी लिहिलेल्या टिपणात म्हटले आहे. ते टिपण सुमारे अडीचशे वर्षांनंतरचे असल्यामुळे काही विद्वान त्याविषयी शंका घेतात. परंतु ग्रंथाचे लेखन व चित्रकाम मुख्यतः एकाच हाताचे आहे, आणि ते आठव्या शतकाच्या आरंभीचे आहे, हे बहुतेकांस मान्य आहे.

त्या काळी कागद तेथे नव्हता. वासराचे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवावयाचे, केस खरडून काढावयाचे, चौकटीवर ताणून वाळवावयाचे व घासून गुळगुळीत करावयाचे, तेव्हा एक पान तयार होई. या ग्रंथात अडीचशेहून अधिक पाने असून प्रत्येक पान सुमारे साडेतेरा इंच लांब व दहा इंच रुंद आहे. त्यासाठी दीडशेच्या आसपास वासरांची कातडी लागली असावी, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. कातडे कमावण्याच्या कामास जगात अनेकांनी हलके मानले आहे. त्यांनी ध्यानात घ्यावे की, हे कष्ट नसते तर त्या काळी शुभवर्तमानाचे एक पानही उभे राहिले नसते.

मग लेखकाने त्या पानांवर रेघा आखल्या व गडद शाईने, गोलसर मोठ्या अक्षरांत, दोन स्तंभांत लॅटिन मजकूर उतरविला. हा मजकूर म्हणजे चौथ्या शतकात जेरोम या विद्वानाने सिद्ध केलेले भाषांतर. आरंभीच्या सोळा पानांवर कमानींच्या आकृतीत आकड्यांचे तक्ते आहेत. एका शुभवर्तमानातील गोष्ट दुसऱ्यात कोठे सापडेल हे त्या तक्त्यांवरून कळते. आमच्या शास्त्राच्या प्रतींत वचनांखाली जे संदर्भ दिलेले असतात, त्यांचेच हे जुने रूप होय. कैसरियाच्या युसेबियसने ही पद्धत चौथ्या शतकात बसविली होती.

रंगांविषयी एक गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. या ग्रंथातील निळा रंग अफगाणिस्तानातून आणलेल्या मोलाच्या दगडाचा असावा असे पूर्वी मानीत. अलीकडच्या शास्त्रीय तपासणीने ते खोटे ठरले. तो निळा रंग एका युरोपीय झुडपाच्या पानांपासून काढलेली साधी नीळ आहे. पिवळ्यासाठी हरताळ, तांबड्यासाठी शेंदूर, हिरव्यासाठी तांब्यावर चढणारा जंगाल आणि जांभळ्यासाठी खडकावर वाढणाऱ्या दगडफुलाच्या जातीचा रस, अशी त्याची सामग्री होती. पानांवर सोने अगदी थोड्या ठिकाणी आहे. ज्या पृष्ठांकडे पाहून लोक थक्क होतात, त्यांतील शोभा द्रव्याची नसून धीराची आहे.

तो धीर केवढा, ते पाहा. प्रत्येक शुभवर्तमानाच्या आरंभी तीन पृष्ठे सजविलेली आहेत. पहिल्यावर शुभवर्तमान लिहिणाऱ्याचे चित्र आहे. मत्तयाजवळ मनुष्य, मार्काजवळ सिंह, लूकाजवळ वासरू व योहानाजवळ गरुड, ही त्यांची चिन्हे आहेत. दुसऱ्या पृष्ठावर एकही अक्षर नाही. सतरंजीसारखे दिसणारे ते संपूर्ण पृष्ठ गुंतागुंतीच्या नक्षीने भरलेले असून त्या नक्षीच्या मध्यभागी क्रूस आहे. तिसऱ्यावर शुभवर्तमानाचे पहिले शब्द इतक्या मोठ्या व वेलबुट्टीदार अक्षरांत आहेत की, एकेक शब्द वाचावयास थांबावे लागते. लूकाच्या पहिल्या पृष्ठावर अक्षरांभोवती तांबड्या रंगाचे ठिपके दिलेले आहेत. मोजणाऱ्यांनी ते दहा हजारांहून अधिक भरविले आहेत. त्याच पृष्ठाच्या काठावर एक लांबट मांजर काढलेले आहे. त्याच्या पोटात गिळलेले पक्षी दिसतात व त्याचा डोळा पुढच्या पक्ष्यांवर आहे. मागील बाजूस कंपासाच्या टोकाच्या खुणा व आखणीच्या रेघा आजही दिसतात. त्यांवरून असे समजते की, हात मोकळा सोडून ही नक्षी झालेली नाही. आधी मोजमाप झाले, मग रंग आला. या कामास पाच ते दहा वर्षे लागली असावीत असे समजतात, आणि तरीही काही बारीक भाग रंगवावयाचे राहून गेलेले दिसतात.

येथे कोणी बंधू विचारील, "हे सर्व कशासाठी? चित्रे काढणे म्हणजे मूर्तीकडे वळणे नव्हे काय? आणि एवढ्या श्रमांत गरिबांची सेवा झाली नसती काय?" हा प्रश्न हसून सोडण्यासारखा नाही. आम्ही एवढेच म्हणतो की, त्या ग्रंथातील चित्रांपुढे धूप जाळावा म्हणून ती काढलेली नाहीत. ती दारावरील तोरणासारखी आहेत. आत मोठा पाहुणा आला आहे हे तोरण सांगते. तोरणालाच कोणी पाहुणा समजत नाही. परंतु प्रश्नाचा दुसरा भाग अधिक कठीण आहे, आणि त्याचे उत्तर एडफ्रिथाच्या कामात सापडत नाही. ते पुढे दोनशेहून अधिक वर्षांनी मिळाले.

एडफ्रिथानंतरचा बिशप एथेलवाल्ड याने ग्रंथाची बांधणी केली, आणि बिलफ्रिथ नावाच्या एकांतवासी मनुष्याने त्यावर सोन्याचांदीचे व रत्नांचे आवरण चढविले, असे तेच टिपण सांगते. 793 साली समुद्रमार्गे आलेल्या लुटारूंनी, ज्यांस व्हायकिंग म्हणतात, लिंडिसफार्नचा मठ लुटला व मठवासीयांचा वध केला. पुढे असे हल्ले वाढत गेले. शेवटी 875 साली मंडळी कथबर्टची शवपेटी खांद्यावर घेऊन बेट सोडून निघाली व सुमारे सात वर्षे निराश्रित होऊन फिरत राहिली. आयर्लंडकडे जाऊ पाहत असता वादळात रत्नजडित ग्रंथ समुद्रात पडला आणि ओहोटीच्या वेळी वाळूवर जसाच्या तसा सापडला, अशी कथा बाराव्या शतकातील एका लेखकाने सांगितली आहे. कथा खरी असो वा नसो, घरदार टाकून पळणाऱ्या लोकांनी काय जिवापाड जपले, हे तीवरून कळते. 883 साली ही मंडळी चेस्टर-ली-स्ट्रीट या गावी स्थिरावली.

त्या गावी, 950 ते 970 च्या दरम्यान केव्हातरी, ऑल्ड्रेड नावाच्या पाळकाने हा ग्रंथ उघडला व हातात लेखणी घेतली. दोन शतकांहून अधिक काळ ज्यावर कोणी एक ठिपका वाढविला नव्हता, त्या सुंदर पृष्ठांवर लॅटिनच्या ओळींच्या मध्ये, प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर, त्याने बारीक अक्षरांत त्याचा अर्थ इंग्रजीत लिहिला. ज्या प्रांताच्या बोलीत त्याचे लोक घरी, शेतात व बाजारात बोलत, तीच ही बोली. जेथे एका शब्दाने अर्थ पुरा होईना, तेथे त्याने एकापुढे एक दोन वा अधिक शब्द दिले. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात मरीयेची योसेफाशी मागणी झाली होती असे जेथे आहे, तेथे अशीच त्याची धडपड दिसते. ज्या कोणी उपदेशकाने गावातल्या म्हातारीस शास्त्रातील अवघड शब्द समजावताना तीन-तीन शब्द वापरून पाहिले असतील, त्यास ऑल्ड्रेड आपला सोबती वाटेल.

चार शुभवर्तमानांचे इंग्रजीतील जे सर्वांत जुने भाषांतर आज उपलब्ध आहे, ते हेच. विल्यम टिंडेलचा छापील नवा करार 1526 साली निघाला. त्याच्या साडेपाचशेहून अधिक वर्षे आधीची ही गोष्ट. ग्रंथाच्या शेवटी जे टिपण आहे तेही ऑल्ड्रेडचेच. त्याने स्वतःस अपात्र व अत्यंत दीन पाळक म्हटले आहे. मत्तयाचे भाषांतर देवासाठी व कथबर्टसाठी, मार्काचे बिशपासाठी, लूकाचे मंडळीसाठी व योहानाचे आपल्या आत्म्यासाठी केले, असे तो लिहितो. लिहिणारा, बांधणारा, मढविणारा आणि अर्थ सांगणारा, अशी चौघांची नावे त्याने एका ओळीत मांडली. अर्थ सांगणे हेही त्या ग्रंथाच्या घडणीचेच काम आहे, असा त्याचा भाव दिसतो.

आता पाहा, पुढे काय उरले. बिलफ्रिथाचे सोने, चांदी व रत्ने आज नाहीत. सध्याचे मोलवान आवरण 1853 साली नव्याने केलेले आहे. सोळाव्या शतकात राजा आठवा हेन्री याने मठ मोडून टाकले. सुधारणेच्या त्या काळात लोकांना स्वभाषेत शास्त्र मिळाले ही देवाची कृपा. पण त्याच काळात मठांतील अनेक मोलाचे ग्रंथही नष्ट झाले, हे आम्ही प्रॉटेस्टंटांनी लपवू नये. हा ग्रंथ वाचला, आणि सतराव्या शतकात सर रॉबर्ट कॉटन याच्या संग्रहात गेला. कॉटनच्या कपाटांवर रोमन बादशहांचे अर्धपुतळे असत व त्यांच्या नावांवरून ग्रंथ ओळखत. योगायोग असा की, हा ग्रंथ नीरोच्या कपाटात होता. ज्याने रोमात ख्रिस्ती लोकांचा छळ केला, त्याचे नाव आजही या शुभवर्तमानाच्या सूचिक्रमांकात आहे. तो बादशहा गेला, आणि त्याचे नाव ख्रिस्ताच्या पुस्तकाची जागा दाखविण्यापुरते उरले! 1731 साली या संग्रहास आग लागून पुष्कळ ग्रंथ जळाले, तरी हा सुरक्षित राहिला. 1753 मध्ये तो ब्रिटिश म्युझियमकडे आला, आणि आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. 2022 साली काही काळ तो आपल्या उत्तरेकडील प्रांतात, न्यूकॅसल येथे, दर्शनासाठी नेण्यात आला होता.

तर मग त्या कठीण प्रश्नाचे उत्तर काय? एडफ्रिथाचे श्रम व्यर्थ नव्हते, कारण त्याने वचनाचा मान राखला आणि पुढच्या पिढ्यांना ते जपावेसे वाटेल असे करून ठेवले. पण ते श्रम पूर्ण झाले ऑल्ड्रेडच्या बारीक अक्षरांनी. सुंदर पण अनोळखी भाषेतील ग्रंथ हा मंचावर उघडलेल्या, परंतु अर्थ न सांगितलेल्या पुस्तकासारखा असतो. आमच्या भाषेतही हे काम श्रमांनीच झाले. मराठी नवा करार 1811 साली बंगालमधील सेरामपूर येथे छापला गेला. आणि पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे साध्या मराठीत शास्त्र आणण्यासाठी वेचली. ते छापील पान आता घरात आहे. परंतु ओळींमधला अर्थ दर पिढीला, दर गावात, कोणीतरी नव्याने सांगावा लागतो. ज्यास अक्षर येते त्याने शेजाऱ्यास वाचून दाखवावे, आणि ज्यास अर्थ कळतो त्याने तो आपल्या गावच्या बोलीत सांगावा. हे काम लहान अक्षरांचे आहे, पण लिंडिसफार्नच्या ग्रंथात पाहा, तीच अक्षरे आज जगभरचे विद्वान भिंगाने वाचीत आहेत.

सभेत विचार करण्यासाठी प्रश्न

1. एज्राच्या काळी लेवी लोकांनी जे काम केले, ते आपल्या मंडळीत कोण करितो?

2. शास्त्राचा मान आपण कोणकोणत्या रीतीने राखतो? त्यांपैकी कोणती रीत अर्थ समजण्यास मदत करिते, आणि कोणती केवळ आवरण आहे?

3. शास्त्रातील असा एक शब्द निवडा, जो गावातील लहान मुलास कळणार नाही. आणि ऑल्ड्रेडप्रमाणे त्यासाठी आपल्या बोलीतले दोन-तीन शब्द शोधा.