भाताच्या जोडीला फ्लॉवरचा मसालेदार कीस

मधुमेह झाला की डॉक्टर सांगतात, "भात कमी करा." सांगणे सोपे, पण जन्मभर भात खाल्लेल्या माणसापुढे अर्धे ताट रिकामे ठेवणे घरच्या बाईला जड जाते. ही रिकामी जागा फ्लॉवरने भरता येते.

१०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात. तेवढ्याच फ्लॉवरात सुमारे ५ ग्रॅम, आणि त्यातही जवळजवळ २ ग्रॅम चोथा. म्हणून पोट भरते, पण साखर फारशी चढत नाही.

साहित्य (चौघांसाठी) : मध्यम फ्लॉवर १, कांदा १, हिरव्या मिरच्या २, आले बोटाच्या पेराएवढे, तेल २ चमचे, मोहरी व जिरे अर्धा-अर्धा चमचा, हिंग, हळद, कढीपत्ता, धनेपूड १ चमचा, भाजलेले शेंगदाणे मूठभर, मीठ, लिंबू, कोथिंबीर.

कृती : फ्लॉवरचे तुरे सुटे करून कोमट मिठाच्या पाण्यात १० मिनिटे ठेवावेत, म्हणजे अळ्या निघतात. मग फडक्यावर पसरून अगदी कोरडे करावेत आणि जाड किसणीवर किसावेत. देठही किसावा, टाकू नये. पसरट कढईत फोडणी करून कांदा, आले, मिरची परतावी. हळद, धनेपूड व कीस घालून मोठ्या आचेवर ५-६ मिनिटे हलवावे. मीठ शेवटी घालावे. आधी घातल्यास पाणी सुटते. झाकण ठेवू नये. आम्ही पहिल्या खेपेला झाकण ठेवले आणि कढईत लगदा झाला! उतरवून लिंबू पिळावे, शेंगदाणे व कोथिंबीर पेरावी.

फ्लॉवरमध्ये प्रथिने थोडीच असतात. म्हणून सोबत आमटी, उसळ किंवा मासळी हवीच.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी भात एकदम बंद करू नये. साखर एकाएकी उतरून घाम सुटतो, हातपाय थरथरतात, भोवळ येते. असे झाले आणि माणूस शुद्धीवर असेल, तर लगेच साखरपाणी पाजावे. डॉक्टरांना विचारून आधी थोडाच भात कमी करावा, तेवढाच कीस वाढावा आणि साखर तपासत राहावे.

पथ्य एकट्याच्या ताटात वाढले की ते शिक्षा वाटते. म्हणून हा कीस घरात सर्वांनाच वाढावा.