राणीचं नाव, औषधवाल्याची पावडर

भाची : मावशी, दोन थर, मध्ये रास्पबेरीचा जॅम, वर भुरभुरलेली बारीक साखर. एवढ्या साध्या केकला थेट व्हिक्टोरिया राणीचं नाव?

मावशी : तिच्या काळात दुपारच्या चहाची टूम निघाली ना! श्रीमंतांची रात्रीची जेवणं फार उशिरा व्हायची. बेडफर्डची डचेस ॲना, राणीच्या मानकरणींपैकी एक, तिला चार-पाचच्या सुमारास भूक लागे. १८४०च्या आसपास तिनं चहाबरोबर खाणं मागवायला सुरुवात केली आणि मैत्रिणींनी ती रीत उचलली, असं मानतात. पण मला विचारशील, तर या केकवर खरा हक्क बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डचा.

भाची : तो बेकरीवाला होता का?

मावशी : छे गं, औषधविक्रेता. बायकोला, एलिझाबेथला, अंडी सोसत नव्हती आणि यीस्टही. अंड्यांवर तोड म्हणून त्यानं १८३७ साली कॉर्नफ्लोअरची कस्टर्ड पावडर काढली. आपल्या फ्रूट कस्टर्डचं मूळ तेच. मग यीस्टवर तोड म्हणून १८४३ साली बेकिंग पावडर.

भाची : त्याआधी केक फुगत नव्हते?

मावशी : फुगायचे, पण मनगटाच्या जोरावर. अंडी आणि साखर तासतासभर घोटायची. त्यात कोंडलेली हवा भट्टीत तापून पसरायची. भरपूर लोणी घातलं की मात्र मिश्रण जड व्हायचं. बर्डच्या पावडरीत खायचा सोडा आणि टार्टारिक आम्ल शेजारी शेजारी असतं. सोबतचं पिठूळ स्टार्च ओल शोषतं, म्हणून डब्यात काही होत नाही. मिश्रणात ओलावा मिळाला की दोन्ही भिडतात, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात आणि लोण्याचा जड केकसुद्धा वर येतो. १८४५ साली ब्रिस्टलच्या हेन्री जोन्सनं पिठातच अशी तजवीज करून पेटंट घेतलं. ते सेल्फ-रेझिंग पीठ इथे ब्रिटनमधल्या घरांत आजही असतं.

भाची : म्हणजे राणीच्या केकमध्ये ही पावडर पहिल्यापासून होती?

मावशी : तीच तर गंमत! मिसेस बीटन या लेखिकेच्या गृहव्यवस्थेवरच्या १८६१च्या पुस्तकात ‘व्हिक्टोरिया सँडविच’ आहे, पण पावडरीशिवाय. चार अंडी, त्यांच्या वजनाइतकी साखर, तेवढंच लोणी, तेवढंच पीठ, किंचित मीठ. भाजून, मध्ये जॅम लावून, लांबट बोटांएवढे तुकडे कापायचे आणि काचेच्या ताटलीत आडवे-उभे रचायचे. आजचा गोल, उंच, हलका केक पावडर घरोघरी रुळल्यावर झाला.

भाची : ‘अंड्यांच्या वजनाइतकं’ असं का?

मावशी : अंडी लहान-मोठी निघतात. एका पारड्यात कवचासकट अंडी ठेवायची आणि दुसऱ्यात एकेक जिन्नस तोलायचा. ग्रॅम-औंस माहीत नसले तरी प्रमाण चुकत नाही. मी अजून तसंच करते. चार अंड्यांना साधारण आठ औंस लोणी लागतं. दुसऱ्या महायुद्धात रेशन लागलं, तेव्हा माणशी आठवड्याला जेमतेम दोन औंस लोणी आणि एखादं अंडं मिळे. एका केकला एका माणसाचा महिन्याचा वाटा जायचा! युद्ध संपल्यावरही हे रेशन काही वर्षं चाललं.

भाची : आणि गावच्या स्पर्धांमध्ये हाच केक का असतो?

मावशी : लपवायला जागाच नाही ना. विमेन्स इन्स्टिट्यूट या बायकांच्या संस्थेची ब्रिटनमधली पहिली शाखा १९१५ साली वेल्समध्ये निघाली. त्यांच्या स्पर्धांचे नियम कडक. आत फक्त रास्पबेरी जॅम, वर बारीक साखर. क्रीम लावलं की गुण गेले. वरच्या बाजूला जाळीचे वळ उठले तरी कापतात.

भाची : मग जाळीवर गार करायचाच नाही?

मावशी : करायचा, पण जो थर वर येणार, तो सुलटा ठेवायचा. पालथा पडला की वळ उठलेच समज.