पाटी वाचावी

अमेरिकेत न्यूयॉर्क हे मोठे शहर आहे. तेथे शहराची मानवी हक्कांची कचेरी आहे. ती काय करते ते आपण पाहू.

काही पुरुषांना पुरुषाची ओढ असते, काही बायांना बाईची. कोणाला लोक पुरुष समजतात, पण ती मनाने बाई असते. पूर्वी अशांना कोणी घर देईना, काम देईना. पोलीसही धरीत. २८ जून १९६९ रोजी स्टोनवॉल नावाच्या गुत्त्यावर धाड पडली, तेव्हा लोक उलटले. पुढल्या वर्षी त्याच दिवशी त्यांनी मोर्चा काढला. आता जून हा त्यांच्या अभिमानाचा महिना. त्याला प्राइड म्हणतात.

१९८६ साली शहराने कायदा केला : समलिंगी म्हणून कोणाला घर, नोकरी नाकारू नये. २००२ साली मनाने बाई वा पुरुष असणाऱ्यांनाही हेच संरक्षण मिळाले. अन्याय झाला तर या कचेरीत तक्रार करावी. पैसा पडत नाही. कचेरी चौकशी करते, दंडही करते.

पण कायदा कपाटात राहिला तर काय उपयोग? म्हणून २०१६ च्या जूनमध्ये कचेरीने भुयारी गाड्यांत, बसथांब्यांवर पाट्या लावल्या. बाईने बायांच्या, पुरुषाने पुरुषांच्या संडासात जावे. कोण काय आहे हे ज्याचे त्याने ठरवावे, असा त्यांचा अर्थ. हक्क असणाऱ्यालाही तो कळला, अडवणाऱ्यालाही कळला.

आपणही आता वाचू लागलो. आपला हक्क वाचावा. दुसऱ्याचाही वाचावा.